झोळी थांबली की बाळ का उठते: तान्ह्या बाळाची रात्रीची झोप लांबवताना

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या गल्लीतून दुपारी गेले, तर उंबऱ्याच्या आत एक दृश्य अजूनही दिसते. छताच्या कडीला जुन्या लुगड्याची झोळी टांगलेली असते, झोळीची दोरी खाली बसलेल्या आजीच्या पायाच्या अंगठ्यात अडकवलेली असते, मांडीवर तेंदूच्या पानांचे सूप असते, आणि हात विड्या वळत असताना पाय आपल्या लयीत झोका देत राहतो. बाळ शांत झोपलेले असते. मग आजी पाणी प्यायला उठते, झोका थांबतो, आणि पाच मिनिटांत झोळीत चुळबुळ सुरू होते.

झोका थांबला म्हणून बाळ उठले, असे आपण म्हणतो. खरे पाहता ते आधीच जागे होत आलेले असते. मोठ्या माणसाच्या झोपेचे एक आवर्तन साधारण 90 मिनिटांचे असते, तान्ह्या बाळाचे सुमारे 50 मिनिटांचे, आणि प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी झोप पातळ होते. आपण त्या वेळी कूस बदलतो, पांघरूण ओढून घेतो आणि पुन्हा झोपी जातो. सकाळी त्यातले काही आठवतही नाही. बाळाची झोपही तशीच पातळ होते, पण डोळा लागताना जो झोका होता, जी मांडी होती किंवा तोंडात जे दूध होते, ते आता नाही हे त्याला जाणवते आणि ते रडून ते परत मागते. शेजारचे जे बाळ रात्रभर झोपते असे आपण ऐकतो, तेही रात्रीतून अनेकदा जागे होत असते. फक्त ते कोणाला हाक न मारता परत झोपते. तेव्हा बाळाला झोपवायचे कसे यापेक्षा, त्याचा डोळा कोणत्या स्थितीत लागतो आणि मध्यरात्री ती स्थिती तशीच असते का, याचा विचार आधी करावा लागतो.

मी डॉक्टर नाही, दोन मुलांची आई आहे. थोरल्याच्या वेळी मी सात महिने रात्री भिंतीला टेकून बसून काढले, कारण तो मांडीशिवाय झोपत नसे आणि घरातल्या प्रत्येकाचे मत वेगळे होते. धाकटीच्या वेळी बालरोगतज्ज्ञांना नीट प्रश्न विचारले, थोडे वाचले आणि सासूबाईंना पहिल्या दिवसापासून बरोबर घेतले. खालची माहिती त्या दुसऱ्या अनुभवातून आलेली आहे.

किती अपेक्षा ठेवावी

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार तीन महिन्यांपर्यंतच्या बाळाला चोवीस तासांत 14 ते 17 तास, चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला 12 ते 16 तास आणि एक ते दोन वर्षांच्या मुलाला 11 ते 14 तास झोप लागते. दिवसाच्या डुलक्या यात धरलेल्या आहेत. बहुतेक घरांत बाळाची एकूण झोप पुरेशी असते, पण ती दिवसरात्र विखुरलेली असते आणि त्यामुळे आई खचते.

पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत सलग झोपेची अपेक्षाच ठेवू नये. अंगावर पिणाऱ्या नवजात बाळाला चोवीस तासांत 8 ते 12 वेळा दूध लागते, आणि जन्मानंतर घटलेले वजन परत भरून येईपर्यंत, म्हणजे साधारण दोन आठवडे, बाळ झोपलेले असले तरी त्याला उठवून पाजावे लागते. दिवस आणि रात्र ओळखणारे शरीरातले घड्याळ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात चालू लागते. तेव्हापासून रात्रीचा एक टप्पा चार-पाच तासांचा होऊ शकतो, आणि सहा महिन्यांच्या सुमारास, वजन नीट वाढत असेल तर, अनेक बाळे सहा ते आठ तास काढतात. काही बाळे वर्षाची होईपर्यंत एकदा दुधाला उठतात आणि तेही स्वाभाविकच आहे. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचे वय या हिशेबासाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे.

सकाळची आंघोळ आणि हरवलेली रात्र

आपल्याकडे बाळंतिणीच्या घरी सकाळी नऊ-दहाच्या सुमारास न्हाऊ घालणाऱ्या बाई येतात. तेल लावून चांगली मालिश होते, कढत वाटावे अशा पाण्याने आंघोळ होते, बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळले जाते, आणि पोटभर दूध पिऊन ते जे झोपते ते थेट दीड-दोन वाजता उठते. घरातले सगळे खूश असतात, आईलाही जेवण आणि झोप मिळते. मात्र बाळाच्या चोवीस तासांतला सर्वांत लांब टप्पा त्यामुळे भर दुपारी खर्च होतो, आणि रात्री एक वाजता ते टक्क डोळे उघडून छताकडे पाहत खेळू लागते. थोरल्याच्या वेळी ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. बाळाने रात्रीचा दिवस केला आहे म्हणून आम्ही त्याची दृष्ट काढत राहिलो.

पहिले दीड-दोन महिने हा क्रम तसाच राहू द्यावा, कारण त्या काळात आईची विश्रांती अधिक मोलाची असते. त्यानंतर मात्र दोनपैकी एक बदल करावा. एक तर मालिश आणि आंघोळ संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास न्यावी, जे सोलापूरच्या उन्हाळ्यात एरवीही बाळाच्या अंगाला सुखाचे असते. किंवा बाईंची वेळ बदलणे शक्य नसेल, तर आंघोळीनंतरची झोप दोन-अडीच तासांवर गेली की पडदा सरकवून, पांघरूण काढून, लंगोट बदलत बाळाला हळूहळू उठवावे. झोपलेल्या बाळाला उठवायचे नसते असे आजी म्हणतील. त्यांना हे आदल्या दिवशीच समजावून ठेवावे, ऐन वेळी नको.

आंघोळीनंतर ओवा, वेखंड, लसणीच्या साली घालून दिली जाणारी धुरी मात्र बंद करावी. धूर कसलाही असो, तो बाळाच्या श्वासनलिकेला त्रास देतो. नाक चोंदलेले बाळ रात्री नीट पिऊही शकत नाही आणि झोपूही शकत नाही. दृष्ट काढून मिरच्या-मीठ जाळायचेच असेल तर ते अंगणात जाळावे.

दिवस दिवसासारखा असावा. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत बाळाला उजेडात आणावे; गॅलरीत किंवा दारात कोवळ्या उन्हाजवळ दहा-पंधरा मिनिटे पुरतात. दिवसाच्या डुलक्यांसाठी खिडक्या बंद करून घर चिडीचूप ठेवण्याची गरज नसते, कुकरच्या शिट्ट्या आणि बोलणे चालू द्यावे. दिवसा दर दोन-तीन तासांनी दूध पाजावे, म्हणजे रात्रीची भूक दिवसाच भागते. सूर्य मावळल्यावर घरातले दिवे कमी करावेत, आणि रात्रीच्या दुधाच्या वेळी झिरोचा पिवळसर बल्ब सोडून दुसरा दिवा लावू नये. रात्री पाजताना बाळाशी बोलू नये, हसवू नये, शी केली नसेल तर लंगोटही उगाच बदलू नये. मोबाइलचा उजेडही बाळाच्या तोंडावर पडतो, हे पाजणाऱ्या आईच्या लक्षात राहत नाही. माझ्याही राहत नसे.

संध्याकाळचा क्रम

बाळाला घड्याळ कळत नाही, पण क्रम कळतो. तीच चार कामे, त्याच ओळीने, रोज साधारण त्याच वेळी झाली की दोन आठवड्यांत बाळ त्यातले दुसरे काम सुरू होताच डोळे चोळू लागते. आमच्याकडे धाकटीसाठी साडेसातला अंग पुसणे, सैल सुती झबले आणि रात्रीचा लंगोट, मग अंधाऱ्या खोलीत दूध, मग खांद्यावर घेऊन ढेकर आणि एकच अंगाई, एवढाच क्रम होता. तो पाऊण तासापेक्षा लांबला की ती चिडे. अंगाई कोणती हे बाळाला सारखेच असते, पण ती रोज तीच असावी आणि घरातल्या किमान दोघांना यावी.

या क्रमात दूध शेवटी न ठेवता शेवटून दुसरे ठेवावे. बाळाचा डोळा पिता पिता लागला, तर मध्यरात्री परत झोपण्यासाठी त्याला तेच हवे असते, पोट भरलेले असले तरी. दूध संपवून, ढेकर काढून, बाळ पेंगुळलेले पण पुरते झोपलेले नाही अशा अवस्थेत त्याला अंथरुणावर पाठीवर ठेवावे, छातीवर हात ठेवावा, हळू थोपटावे आणि थोपटणे मंद करत थांबवावे. पहिल्या दहा वेळांपैकी सात वेळा ते रडेल आणि उचलावे लागेल. उचलावे, शांत करावे, परत ठेवावे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाबाबत हा नुसता सराव समजावा. दिवसातून एकदा जमले तरी पुरे, आणि मांडीवर झोपले तर अपराध वाटून घेऊ नये.

वेळ साधण्यासाठी बाळाच्या जागेपणाचा अंदाज ठेवावा लागतो. नवजात बाळ एका वेळी तास-दीड तासापेक्षा जास्त जागे राहू शकत नाही. तीन-चार महिन्यांचे दीड ते दोन तास, सहा-सात महिन्यांचे दोन ते तीन तास, आणि वर्षाच्या आसपासचे तीन ते चार तास जागे राहते. डोळे चोळणे, कान ओढणे, एकाच ठिकाणी शून्यात पाहत राहणे या झोपेच्या खुणा आहेत. त्या टळून गेल्या की बाळ उलट जास्त खेळते, हातपाय झाडते, आणि घरातले म्हणतात की याला आज झोपच नाही. अतिशय दमलेले बाळ लवकर झोपत नाही आणि झोपले तरी लवकर उठते. रात्री दमून झोपावे म्हणून संध्याकाळी जागे ठेवण्याची युक्ती त्यामुळे उलटते.

आणखी एक युक्ती अगदी सोपी आहे. रात्री बाळाचा आवाज आला की लगेच उचलू नये. तान्ह्या बाळाची जवळजवळ निम्मी झोप ही चळवळी झोप असते. तीत ते कण्हते, तोंड वाकडे करते, हात हलवते, एखादी किंकाळीही मारते आणि तरीही झोपलेले असते. आपण उचलले की ते खरोखर जागे होते. मनातल्या मनात शंभरपर्यंत मोजावे. आवाज वाढत गेला तर उठावे. विरत गेला तर पडून राहावे. धाकटीच्या वेळी रात्रीच्या पाच जागरणांपैकी दोन निव्वळ या मोजण्याने कमी झाली.

कुठे झोपवावे

बाळाला नेहमी पाठीवर, सपाट आणि टणक गादीवर झोपवावे. पोटावर बाळ जास्त वेळ झोपते हे खरे आहे, पण झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका त्याच स्थितीत वाढतो, म्हणून एक वर्षापर्यंत झोपवताना पाठ हाच नियम आहे. पुढे बाळ आपणहून पालथे होऊ लागले आणि परत सुलटेही होऊ लागले, तर झोपेत त्याला सारखे उलटवत बसण्याची गरज नसते. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी, बाजूला लोड, अंगावर गोधडी, गादीत मऊ खेळणी, यांपैकी काहीही बाळाच्या झोपण्याच्या जागी असू नये. डोक्याचा गोलपणा बाळ जागे असताना दिवसातून थोडा वेळ पोटावर खेळवल्याने साधतो.

झोळीबद्दल माझे मत घरात अजूनही वादाचे आहे. झोळीत बाळाची पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि लहान बाळाचा श्वास कोंडण्याची भीती असते. शिवाय लांब दोरी आणि सैल कापड गळ्याभोवती येऊ शकते. जागे असताना, कोणीतरी समोर बसलेले असताना, रडणे शांत करण्यापुरता झोका द्यावा आणि बाळ पेंगुळले की सपाट अंथरुणावर ठेवावे. रात्रीची झोप झोळीत नकोच. लाकडी पाळणा असेल तर त्याची गादी टणक असावी आणि गजांमधून डोके जाणार नाही एवढीच फट असावी.

आपल्या बहुतेक घरांत बाळ आईजवळच झोपते. सर्वांत सुरक्षित म्हणजे आईच्या हाताच्या अंतरावर, पण वेगळ्या सपाट अंथरुणावर. एकाच खोलीत निदान पहिले सहा महिने. एकाच अंथरुणावर झोपणार असाल तर बाळ आईच्या बाजूला असावे, दोघांच्या मधे नको, भावंडाशेजारी नको, आणि घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल, दारू घेतली असेल किंवा गुंगीचे औषध चालू असेल तर मुळीच नको. बाळ वेळेआधी किंवा कमी वजनाचे जन्मले असेल तरीही त्याचे अंथरूण वेगळेच असावे. बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर डुलकी काढणे हे या सगळ्यांहून धोक्याचे आहे. विड्या वळण्याचे काम घरात चालत असेल तर तंबाखूचे सूप बाळाच्या खोलीबाहेर असावे, आणि बाळाला घेण्यापूर्वी हात साबणाने धुवून पदर बदलावा. सुरुवातीच्या दृश्यातली झोळी सुपाच्या डोक्यावर टांगलेली असते, हे तिथे जाणवत नाही.

झोपेसाठी जायफळ उगाळून चाटवण्याची रीत अनेक घरांत आहे. जायफळ थोडे जास्त झाले तर विषारी ठरते आणि तान्ह्या बाळाला थोडे म्हणजे किती हे कोणालाच मोजता येत नाही, म्हणून ते देऊ नये. सर्दीच्या औषधाने बाळ गुंगते म्हणून ते झोपेसाठी देणे त्याहून वाईट. मध एक वर्षापर्यंत वर्ज्य आहे, बाळगुटीतूनसुद्धा. रात्री पोट जड राहावे म्हणून चौथ्या महिन्यातच बाटलीत रवा किंवा नाचणीचे सत्त्व घालणाऱ्यांनाही हेच सांगायचे आहे की सहा महिन्यांपर्यंत दुधाखेरीज काही नको, आणि त्याने झोप वाढतेच असे नाही.

सोलापूरचा उन्हाळा, पाणी आणि माग

एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा चाळिशीच्या वर असतो आणि स्लॅब दिवसभर तापून रात्री बारापर्यंत उष्णता सोडत राहतो. या दिवसांत बाळ वारंवार उठते त्याचे कारण बहुधा उकाडा असते, भूक नसते. शक्य असेल तर वरच्या मजल्याऐवजी तळमजल्यावरच्या खोलीत झोपवावे, दुपारी खिडक्यांना ओले पडदे लावून रात्री त्या उघडाव्यात. इथली हवा कोरडी असल्याने कूलर चांगला काम करतो, पण त्याचा झोत बाळावर सरळ येऊ देऊ नये आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर खोली दमट होऊन घामोळे येते. टोपडे, मोजे, हातमोजे घरात नकोत. बाळ डोक्यावाटे उष्णता बाहेर टाकते. हातपाय गार लागले म्हणून पांघरूण वाढवू नये. मानेच्या मागे बोटे लावून पाहावी. ती जागा घामेजलेली असेल तर एक थर काढावा. बारशाला आलेल्या सोलापुरी चादरी कितीही प्रेमाच्या असल्या तरी त्या जाड विणीच्या आणि जड असतात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंगावर त्या घालू नयेत. हिवाळ्यातसुद्धा एक जास्तीचे पूर्ण बाह्यांचे झबले पांघरुणापेक्षा बरे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही पाणी पाजायचे नसते. दूध जास्त वेळा पाजावे.

नळाला पाणी काही दिवसांआड येते तेव्हा ते अनेकदा अवेळी येते, हे सोलापूरकराला सांगावे लागत नाही. आमच्याकडे धाकटी चार महिन्यांची असताना पाणी रात्री साडेदहा-अकराला सुटत असे. मोटारीचा आवाज, बादल्यांचा खणखणाट, सगळ्या घरात दिवे, आणि ती दचकून उठत असे. शेवटी आम्ही उलटे केले. पाणी येण्याच्या थोडे आधी, ती अर्धवट झोपेत असतानाच मी तिला अंधारात उचलून पाजू लागले आणि मग खोलीचे दार लावून घेतले. पोटभर पिऊन नव्याने झोपलेले बाळ त्या आवाजाला दाद देत नाही, असे दिसले. पाणी नसलेल्या रात्रीही ते साडेदहाचे पाजणे चालू ठेवले आणि तिची पुढची भूक साडेतीनपर्यंत लांबली. सात-साडेसातला झोपलेल्या बाळाला आईने स्वतः झोपण्यापूर्वी असे एकदा पाजणे हा बाळाचा लांब टप्पा आणि आईचा लांब टप्पा जुळवण्याचा सोपा उपाय आहे.

साठवलेल्या पाण्याचा झोपेशी आणखी एक संबंध आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो, म्हणून छत्रीसारखी मच्छरदाणी बाळाच्या दिवसाच्या डुलकीलाही लावावी, पिंपे झाकावीत आणि आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावीत. कूलरच्या टाकीलाही हेच लागू आहे. डासांची अगरबत्ती बाळाच्या खोलीत लावू नये.

यंत्रमागांच्या वस्तीत राहणाऱ्यांची बाळे मागांच्या खडखडाटात गाढ झोपतात आणि वीज गेली, माग थांबले की उठतात. त्यातून लक्षात घ्यायचे ते एवढेच की एकसुरी आवाज झोपेला मदत करतो, मात्र तो रात्रभर सारखा राहिला पाहिजे. पंख्याचा आवाज पुरतो. आवाजाचे यंत्र किंवा मोबाइल वापरायचा असेल तर तो बाळापासून निदान 2 मीटर लांब, आणि दोन माणसांच्या हलक्या बोलण्याहून मोठा नसावा. लग्नसराईतल्या मिरवणुका आणि जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या वेळचे शोभेचे दारूकाम यांना इलाज नाही. त्या रात्री बाळाला उशीर होऊ द्यावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळीच उठवावे.

सहा महिन्यांनंतरही पाच-सहा वेळा उठत असेल तर

बाळ निरोगी आहे आणि वजन वाढते आहे हे डॉक्टरांकडून कळल्यावर सवय बदलण्याचा नेमका प्रयत्न करता येतो. रडत सोडून देणे आपल्या घरांत चालत नाही. आजी दोन मिनिटांत दार उघडतात आणि खरे सांगायचे तर मलाही ते जमले नसते. हळूहळू मागे सरकण्याची पद्धत अधिक चालते. पहिल्या तीन-चार रात्री बाळाला पेंगुळलेले ठेवून त्याच्या शेजारी पडून छातीवर हात ठेवावा, झोप लागेपर्यंत. पुढच्या तीन रात्री शेजारीच, पण हात न लावता, नुसते 'श्श' म्हणत. मग हातभर लांब बसून, मग खोलीच्या दाराशी. बाळ फार रडले तर जवळ जाऊन शांत करावे, पण शेवटचा डोळा अंथरुणावरच लागू द्यावा. पूर्ण बदलाला दोन ते तीन आठवडे लागतात, आणि तिसरी-चौथी रात्र पहिलीपेक्षा वाईट जाऊ शकते. तिथेच बहुतेक जण सोडून देतात. अशा पद्धतींनी मुलाच्या मनावर कायमचा परिणाम होतो का, याचा ऑस्ट्रेलियात सुमारे सव्वातीनशे मुलांवर अभ्यास झाला आणि 2012 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पाठपुराव्यात, मुले सहा वर्षांची झाल्यावर, त्यांच्या भावनांत किंवा आईशी असलेल्या नात्यात अपाय आढळला नाही.

रात्रीचे पाजणे कमी करायचे असेल तर एकदम बंद करू नये. अंगावर पिणे दहा मिनिटांचे असेल तर एक दिवसाआड दोन-दोन मिनिटांनी कमी करावे, बाटली असेल तर एक दिवसाआड 20 ते 30 मिलिलिटरने. या दिवसांत मध्यरात्रीचे पहिले उठणे बाळाच्या वडिलांकडे द्यावे. आईच्या अंगाला दुधाचा वास असतो आणि तिच्या कुशीत बाळ दुसरे काही ऐकत नाही. वडिलांच्या खांद्यावर ते दोन-तीन रात्री चिडते आणि मग थोपटण्यावर भागवते. आमच्याकडे 'ह्यांना सकाळी कामावर जायचे असते' हा मुद्दा निघाला होता. सासूबाईंनीच तो, सुनेलाही सकाळी घर उघडायचे असते असे म्हणून, निकालात काढला.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल, ते पिण्यास नकार देत असेल, दिवसाला सहापेक्षा कमी वेळा लघवी होत असेल, उठवूनही नीट जागे होत नसेल, झोपेत घोरत असेल किंवा श्वास मधेच थांबतो असे वाटत असेल, तर झोपेचे उपाय बाजूला ठेवून त्याच वेळी डॉक्टरांकडे न्यावे. आईला स्वतःला बाळ झोपलेले असतानाही झोप लागत नसेल किंवा सतत रडू येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखे आहे. बाळंतपणानंतरचे नैराश्य उपचारांनी बरे होते.

घडी मोडते तेव्हा

पहिले बाळंतपण माहेरी होते आणि तीन-साडेतीन महिन्यांनी आई बाळाला घेऊन सासरी येते. नेमक्या याच वयात बाळाच्या झोपेची घडण बदलत असते, आवर्तने मोठ्यांसारखी होऊ लागतात आणि चांगले झोपणारे बाळही पुन्हा दर दोन तासांनी उठू लागते. मग घर मानवले नाही, कोणाची तरी नजर लागली, असे काहीबाही निघते. हे चार-सहा आठवडे निघून जातात. सासरी येताना माहेरचे अंथरुणावरचे दुपटे न धुता बरोबर आणावे म्हणजे वास ओळखीचा राहतो; संध्याकाळचा क्रम निघण्यापूर्वी एका कागदावर लिहून सासूबाईंना वाचून दाखवावा, आणि पहिले आठ दिवस पाहुण्यांना संध्याकाळी साडेसातच्या आत येऊन जाण्यास सांगावे.

दात येणे, लसीनंतरचा ताप, अक्कलकोट-पंढरपूरचा प्रवास, गावाकडचे लग्न, यांनीही घडी मोडते. आजारपणात बाळाला हवे तेवढे जवळ घ्यावे, रात्री पाजावे, मांडीवरही झोपवावे. ताप उतरून बाळ पूर्वीसारखे खेळू लागले की त्याच संध्याकाळी जुना क्रम जसाच्या तसा सुरू करावा. आठ-दहा दिवसांत आलेली मांडीची सवय साधारण तिसऱ्या-चौथ्या रात्री सुटते. महिनाभर चालू राहिली तर मात्र हात ठेवण्याच्या पहिल्या पायरीपासून पुन्हा चढावे लागते.